एक नंबर लहान बूट

तिबोसान गेल्याची बातमी मला पार्किंगच्या नोटिशीखाली सापडली. जपानमधल्या आमच्या त्सुकुबाच्या गल्लीत अजून ती पद्धत आहे. कचऱ्याच्या बदललेल्या तारखा, भूकंपाच्या सरावाची वेळ, कुणाचं मांजर हरवलं, सगळं एका प्लास्टिकच्या फाइलीत घालून ती फाइल घरोघर फिरते. आपण वाचायचं, आपल्या नावासमोर शिक्का मारायचा आणि फाइल शेजारच्या दाराला अडकवून यायची. त्या दिवशी मी संस्थेतून दमून आले होते. ओले मोजेही पायातच होते. सवयीने शिक्का मारूनही झाला आणि मग लक्षात आलं, की दुसऱ्या पानावर चार ओळींत जे लिहिलंय ते कोपऱ्यावरच्या घरातल्या फ्रेंच तिबोसानांबद्दल आहे. अंत्यविधी घरच्यांपुरता उरकला आहे, फुलं किंवा पैशांची पाकिटं कृपया आणू नयेत... बस्, एवढंच. मी त्यावर ‘वाचले’ म्हणून लाल शिक्का मारून मोकळी झाले होते. मग ती फाइल घेऊन बराच वेळ जिन्याच्या पायरीवर बसून राहिले, आणि पुढच्या घरी ती दुसऱ्या दिवशी पोचली.

वर्तमानपत्रात तीन दिवसांनी एक छोटी बातमी आली. गेले ते सदुसष्ट वर्षांचे गृहस्थ, आणि फोटो अकरा वर्षांच्या मुलाचा. बोटीच्या धक्क्यावर उभा, अंगात मोठा कोट, केस वाऱ्याने उडालेले. आपल्याकडे त्यांचं नाव फारसं कुणी ऐकलेलं नसेल. फ्रान्समध्येही आता कितीजणांना आठवत असेल, देव जाणे. पण जपानमध्ये साठीच्या पुढच्या बायकांना विचारा, त्या अजून लाजतात. नवव्या वर्षी एका नामांकित दिग्दर्शकाने त्यांना शाळेतून उचललं, चार वर्षांत तीन चित्रपट केले, पहिल्याला मोठं बक्षीस मिळालं आणि पडद्यावर त्यांचं नाव नुसतं ‘छोटा तिबो’ असं झळकलं. आडनाव कुणी घातलंच नाही. पन्नाशी उलटल्यावरही लोक त्यांच्याकडे त्याच नावाची सही मागायचे आणि ते निमूटपणे द्यायचे.

माझी त्यांची ओळख मात्र कचऱ्यावरून झाली. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा माझी मुलगी ईरा पाच वर्षांची होती. नवरा टोकियोच्या एका बँकेच्या आयटी विभागात, सकाळी साडेसहाच्या गाडीने जायचा तो रात्रीच उगवायचा. मी इथल्या संशोधन संस्थेत, दर वर्षी नव्याने होणाऱ्या करारावर. पहिल्याच महिन्यात माझी कचऱ्याची पिशवी ‘नियमात नाही’ अशा पिवळ्या चिठ्ठीसकट परत आली. पुण्यात एम.एस्सी.ला पहिली आलेली बाई, आणि एक बाटली टाकता येईना. मी तिथेच मराठीत पुटपुटत उभी असताना एक उंच, वाकलेला परदेशी माणूस आला, काही न बोलता माझी पिशवी उघडली, बाटलीचं झाकण काढलं, वरचा कागद सोलला, बाटली पायाने चेपली आणि तिन्ही गोष्टी तीन ठिकाणी टाकल्या. मग अगदी थकलेल्या आवाजात इंग्रजीत म्हणाले, “मला शिकायला दोन वर्षं लागली. तुम्ही हुशार दिसता. तुम्हाला एक लागेल.”

तेव्हापासून येणं-जाणं सुरू झालं. त्यांची बायको मिचिकोसान बालवाडीत शिक्षिका होती, ती दुपारी उशिरा परतायची. तिबोसान आठवड्यातून तीन दिवस गावातल्या केंद्रावर फ्रेंच शिकवायचे. वर्गात बहुतेक पन्नाशीच्या बायका, चाळीस वर्षांपूर्वीच्या मासिकांतली कात्रणं जपून ठेवलेल्या. “त्यांना फ्रेंच नको असतं,” ते म्हणायचे, “त्यांना बघायचं असतं, की तो मुलगा अजून आत आहे का.” ते जपानी उत्तम बोलायचे, इंग्रजी कामापुरतं, आणि आमचं बोलणं दोन्हींची खिचडी करून चालायचं. माझे पोहे त्यांना आवडत, चहा मात्र ते बिनदुधाचाच घेत. बोलता बोलता ते खुर्चीतच डुलकी घेत, पाच मिनिटांत जागे होत आणि संभाषण जिथे सोडलं तिथून पुढे नेत. मी एकदा चेष्टेने म्हटलं, “एवढं काय हो दमता तुम्ही?” तर म्हणाले, “मी दहा वर्षांचा असल्यापासून दमलोय.” मी हसले. मला वाटलं विनोद आहे.

बुटांची गोष्ट मला त्यानंतर कळली. मार्चमधली दुपार होती, आम्ही दोघं गल्लीतली गटारं साफ करून त्यांच्या घरी गेलो होतो. मोजे भिजले म्हणून त्यांनी काढले, आणि माझी नजर त्यांच्या पायांवर गेली. दोन्ही पायांच्या करंगळ्या शेजारच्या बोटांखाली दुमडून गेलेल्या. मी नजर वळवली, पण त्यांनी ते पाहिलं होतं. चहा ओतता ओतता अगदी सहज त्यांनी सांगायला सुरुवात केली. शाळेत दिग्दर्शक आला तेव्हा त्याने वर्गातल्या प्रत्येक मुलाला खिडकीपाशी मिनिटभर नुसतं उभं केलं. सगळी मुलं हसली, चुळबुळली, कॅमेऱ्याकडे बघू लागली. हा एकटा स्तब्ध. कारण त्या दिवशी त्याच्या पायात आतेभावाचे बूट होते, एक नंबर लहान, आणि हललं की कळ यायची. दिग्दर्शकाला जे गांभीर्य दिसलं ते एवढंच होतं. पुढे चित्रीकरण सुरू झालं, वेशभूषेवाल्यांनी मापाचे छान बूट दिले आणि पोरगा इतर पोरांसारखाच दिसायला लागला. दिग्दर्शक वैतागला. काय बदललं, म्हणून विचारलं. पोराने खरं ते सांगितलं. “दुसऱ्या दिवशी,” तिबोसान म्हणाले, “नवे बूट आले. एक नंबर लहान.”

चार वर्षं, तीन चित्रपट. पाय वाढत होते, बूट प्रत्येक वेळी एक नंबर मागे. समीक्षक त्या चेहऱ्यावरच्या अबोल दुःखावर पानंच्या पानं लिहीत होते. मी विचारलं, “आणि तुमची आई?” त्यांनी कप खाली ठेवला. “नाडी तीच बांधायची. रोज सकाळी.” मग लगेच म्हणाले, “ती वाईट नव्हती. बाजारात मासे विकायची. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिला खुर्ची देत होतं. रोज संध्याकाळी विचारायची, दुखत तर नाही ना? आणि मी म्हणायचो, नाही.” एवढं सांगून त्यांना डुलकी लागली. मी समोर बसून रडत होते. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे मी जे केलं ते ही गोष्ट ऐकल्यानंतर, रडून झाल्यानंतर केलं.

बाकीची कारकीर्द त्यांनी तुकड्या-तुकड्यांत सांगितली. तेराव्या वर्षी एका चॉकलेटच्या जाहिरातीसाठी ते जपानला आले. विमानतळावर शाळकरी मुलींची झुंबड. संध्याकाळी एका जुन्या खाणावळीत नेलं आणि दारातच म्हाताऱ्या मालकिणीने सांगितलं, बूट काढा. “मी या देशाच्या प्रेमात पडलो तो तिथे,” असं ते म्हणायचे. मग आवाज फुटला, उंची वाढली आणि दिग्दर्शकाने दुसरा मुलगा शोधला. पुढची वीस वर्षं टीव्हीवर हवालदार, वेटर, आणि शेवटी शेवटी शवागारातलं प्रेत. “प्रेताचं काम मला चांगलं जमायचं. नुसतं पडून राहायचं.” पस्तिशीत ते सगळं सोडून इकडे आले. लोक विचारत, अभिनय का सोडला. ते म्हणत, सोडायला आधी यायला लागतो. हे वाक्य मी लक्षात ठेवलं. ते मी पुढे कसं वापरलं, तेही सांगते.

आता माझ्याकडे येते. कॉलेजात मी एकांकिका करायची. बऱ्यापैकी करायची. घरून सांगण्यात आलं की आधी पदवी, मग काय ती थेरं. पदवीनंतर पदव्युत्तर, मग पीएच.डी., मग लग्न, मग जपान... ते जे राहून गेलं, ते ईरा बोलायला लागल्यापासून मला तिच्यात दिसायला लागलं. पोर होतीच तशी. नकला करायची, आजीच्या आवाजात फोनवर बोलायची. ती आठ वर्षांची असताना टोकियोतल्या हिगाशी-कसाईच्या मराठी मंडळाच्या गणपतीत मुलांचं नाटुकलं बसवलं होतं. ईरा उंदीर झाली होती आणि गणपतीला खाऊन टाकलं तिने. त्या कार्यक्रमाला मंडळातल्या कुणाच्या तरी ऑफिसातली एक जपानी बाई आली होती. जाहिरातींसाठी परदेशी मुलं पुरवणाऱ्या एजन्सीत ती काम करायची. कार्यक्रम संपल्यावर तिने दोन्ही हातांनी मला आपलं कार्ड दिलं. मंडळातल्या बायकांनी मला घेरलंच. “अगं, बाळाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात ते काय उगाच?” एक वहिनी म्हणाल्या, “सोडू नकोस हं ही संधी.” मला सोडायचीच नव्हती.

पुढच्याच शनिवारी मी ईराला घेऊन तिबोसानांकडे गेले. सोबत शंकरपाळ्यांचा डबा. आपल्याकडे पाहुण्यांसमोर पोराला उभं करून “काकांना गाणं म्हणून दाखव” म्हणतात ना, तसं मी तिच्या पाठीवर हात ठेवून तिला पुढे केलं. “ईरा, आजोबांना उंदीर करून दाखव.” ईराने अख्खा उंदीर केला, मराठीतून, एक अक्षर न विसरता. तिबोसानांना मराठीचा गंध नव्हता. ते तिच्याकडे बघतही नव्हते. ते माझ्या हाताकडे बघत होते. झाल्यावर म्हणाले, “फार छान. पण नको.” मी म्हटलं, “नको म्हणजे?” तर म्हणाले, “तिला विचारलंत?” मला राग आला. पोटच्या पोरीला काय आवडतं ते मला कळत नाही? मी तिथल्या तिथे विचारलं, “ईरा, तुला आवडतं ना गं?” ती माझ्याकडे बघून म्हणाली, “हो.” मी तिबोसानांकडे बघितलं, की झालं समाधान? त्यांनी एक शंकरपाळी तोंडात टाकली.

मी पिच्छा सोडला नाही. दोन आठवडे रोज काहीतरी निमित्त काढून जायची. शेवटी ते कंटाळून तयार झाले, पण एका अटीवर. शनिवारी दुपारी एक तास, आणि आईने घरात थांबायचं नाही. मी म्हटलं, चालेल. मला वाटलं कलावंतांची असते एकेक तऱ्हा. मी तिला दारात सोडून सुपरमार्केटात जायची, तासाने परत यायची. ईरा बाहेर यायची ती गाल लाल झालेले, हसत. काय शिकलीस विचारलं की म्हणायची, “सीक्रेट.” मला बरं वाटायचं. गुरू-शिष्याचं असं काही असतंच.

शिकवणी सुरू होण्याआधीच्या पहिल्या निवड चाचणीत ईरा शेवटच्या दोघींत आली होती. मसाल्याच्या करीची जाहिरात होती, भारतीय मुलगी हवी होती, एक घास खाऊन “ओइशी” म्हणायचं, म्हणजे किती चविष्ट. शिकवणी सुरू झाल्यावर ती शेवटच्या पाचांत, मग दहांत. तिसऱ्या की चौथ्या वेळी तिला दुसऱ्या फेरीलाही बोलावलं नाही. मी मागच्या खुर्चीत बसून बघायची. ती सगळं बरोबर करायची. शब्द बरोबर, हसू बरोबर, मान बरोबर. तरी काहीतरी मेलेलं होतं त्यात, आणि ते काय हे मला धरता येत नव्हतं. एजन्सीची बाई दर वेळी वाकून म्हणायची, या वेळी योग नव्हता. सहाव्या वेळेनंतर तिचे फोन यायचे थांबले. त्या सहाव्या वेळी ईरा परतीच्या गाडीत खिडकीला डोकं टेकून झोपली होती आणि मी मात्र धुमसत होते. मला एकच दिसत होतं, की या माणसाने माझी पोर बिघडवली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, मी त्यांच्या दारात उभी राहिले. ते म्हणाले, “आत या.” मी बूट काढले, आत पाऊल टाकलं आणि बसायच्या आधीच सुरुवात केली. मिचिकोसान स्वयंपाकघरात होती. माझ्या जिभेला हाड नाही, हे माझ्या माहेरचे सगळे सांगतील. मी म्हटलं, तुम्ही तिला काय शिकवलंत? ते गप्प. मी म्हटलं, तिच्यात जे होतं तेही घालवलंत. मग मी म्हणाले, “चूक माझीच. तुम्हाला तरी कुठे येत होता अभिनय? तुमचे तर बूट घट्ट होते.”

ही गोष्ट त्यांनी मिचिकोसानखेरीज फक्त मला सांगितली होती. त्यांचा चेहरा बदलला नाही. ते म्हणाले, “हो. खरं आहे.” मग ते दारापाशी गेले, खाली वाकले आणि माझे बूट उचलून त्यांची तोंडं बाहेरच्या बाजूला करून ठेवले, पाहुण्याला निघताना सोपं जावं म्हणून इथे ठेवतात तसे. मी ते पायात सरकवून निघाले.

त्याला दहा वर्षं झाली. चार घरं सोडून राहणारी माणसं, दहा वर्षं. भांडण असं काही नव्हतं. कचऱ्याच्या दिवशी भेट व्हायची, मी वाकायची, ते वाकायचे, हवेबद्दल एखादं वाक्य. माझं म्हणणं खरं असं मला वाटत होतं आणि खरं वाटत असतानाही ते वाक्य आठवलं की अंगावर काटा यायचा. कितीदा ठरवलं की जावं, माफी मागावी. पण माफी कशाची? त्यांनी पोरीचं नुकसान केलंच होतं ना... असं म्हणून मी पुन्हा घरात शिरायची. आणि खरं सांगू? दमलेल्या माणसाला माफी मागायलाही बळ लागतं. प्रयोगशाळा, डबे, पुण्याला आईचं दुखणं, दर मार्चला कराराची धाकधूक. मी ते पुढे ढकलत राहिले. गेल्या उन्हाळ्यात प्लास्टिकच्या कचऱ्याच्या दिवशी ते शेवटचे दिसले, काठी घेऊन. नेहमीसारखं विचारलं, “ईरा कशी आहे?” मी म्हटलं, “सेंदाईला आहे. इंजिनीअरिंग. दुसरं वर्ष.” ते हसले. “तिला आवडतं?” मी म्हटलं, “हो, आवडतं की.” माझी पिशवी उचलून त्यांनी कावळ्यांसाठी लावलेल्या जाळीखाली नीट सरकवली आणि ते गेले.

ती फाइल आली त्या संध्याकाळी मी ईराला फोन केला, सहज कळवावं म्हणून. ऐकून ती म्हणाली, “मी येते उद्या.” मी म्हटलं, “अगं, कॉलेज बुडवून? शेजारचे गृहस्थ होते, तुला धड आठवतही नसतील.” “आई, मी येते,” ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती दारात उभी होती, डोळे सुजलेले.

आम्ही दोघी गेलो. फुलं आणू नका असं लिहिलं होतं म्हणून मी पोह्यांचा डबा घेतला होता. मिचिकोसानने दार उघडलं, मला वाकून नमस्कार केला आणि ईराकडे वळून म्हणाली, “ओकाएरी.” घरचं माणूस घरी परतलं की म्हणतात ते. ईरा तिच्या गळ्यात पडली. मी हातात डबा धरून उभी होते. हळूहळू कळलं, की शाळेचा बागकाम क्लब म्हणून माझी मुलगी आठवड्यातून दोनदा उशिरा यायची तो क्लब म्हणजे हे घर होतं. इथे बसून ती अभ्यास करायची, खायची, तिबोसान समोर डुलक्या घ्यायचे. कॉलेजला जाईपर्यंत. मी दहा वर्षं समोरून जात-येत होते.

फोटोसमोर उदबत्ती लावून झाल्यावर मिचिकोसान पोहे गरम करायला गेली. आम्ही दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसलो. ईराने ओट्यावरच्या भाताच्या कुकरकडे बोट केलं. त्याचा लाल दिवा चालू होता. “तो आमचा कॅमेरा होता,” ती म्हणाली. तिचं मराठी जरा सावकाश चालतं, शब्द शोधत. “पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, तुला हे करायचंय का. जपानीत विचारलं. तू नव्हतीस. मी म्हटलं, नाही. मग त्यांनी विचारलं, आईला सांगितलंस? मी म्हटलं, नाही सांगता येत. ते म्हणाले, मलाही नव्हतं आलं. मग म्हणाले, ठीक आहे. मग आपण न निवडलं जायला शिकू. फार कठीण असतं ते. खूप वाईट केलंस तर आई रागावेल. चांगलं केलंस तर तुला घेतील. त्यामुळे सगळं बरोबर करायचं, फक्त अर्धा सेकंद उशिरा. हसू अर्धा सेकंद उशिरा. ओइशी, अर्धा सेकंद उशिरा. कुणाला काही दाखवता येत नाही, पण बघवत नाही.” ती हसली. “आम्ही किती प्रॅक्टिस केली, आई. ते कुकरच्या मागे बसून बोटांनी मोजायचे. ते म्हणायचे, आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी शिकवतोय.”

मी विचारलं, “आणि मी त्यांना बोलले तेव्हा?” “ते मला मिचिकोसानने सांगितलं, मी मोठी झाल्यावर. मी म्हटलं, आईला सांगते. तर ते म्हणाले, नको. माझ्यावर रागावली तर मला चार घरांवर राहायचंय. तुझ्यावर रागावली तर तुला त्याच घरात राहायचंय.” कुकरच्या दिव्याकडे बघत म्हणाली, “तू बोललीस त्याच्यानंतरच्या शनिवारी मी मैदानावर जाते सांगून इथे आले, तेव्हा त्यांनी मला म्हटलं, आता एकदा खरं करून दाखव, पाहिजे असेल तर. मी केलं. त्यांनी खूप वेळ टाळ्या वाजवल्या. म्हणाले, तू खरंच फार चांगली आहेस. आता जा खेळायला.”

काय केलं होतंस, हा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता. तो मी गिळला. माझ्या पोरीने एकदाच मनापासून काम केलं आणि त्याला प्रेक्षक एकच होता, आणि तो मी नव्हते. त्याबद्दल वाईट वाटलं, खूप वाटलं. पण त्याहून वाईट दुसरंच होतं. मी तिथे बसल्या बसल्या आठवत होते. कॉलेजमध्ये आवडतंय ना? ... हो, आई. इंजिनीअरिंगच घ्यायचं ना? ... हो. डबा आवडला? ... छान होता. गेल्या दहा वर्षांतली सगळी उत्तरं मला ऐकू यायला लागली, आणि प्रत्येक उत्तराआधी ते अंतर होतं. इतकं बारीक, की कुणाला दाखवता आलं नसतं. मिचिकोसानने पोह्यांच्या ताटल्या मांडल्या. तिसरी ताटली तिने सवयीने कुकरच्या मागच्या खुर्चीसमोर ठेवली, मग आपल्याच हाताकडे बघत उभी राहिली, आणि ताटली तिथेच राहू दिली.

परत येताना वाऱ्याने गल्लीतल्या गिंकोच्या झाडांची पानं उडत होती. चार घरांचा तर रस्ता. मला खूप काही विचारायचं होतं आणि माझे सगळे प्रश्न मला उत्तरासकटच सुचत होते, म्हणून मी गप्प चालत होते. आमच्या फाटकापाशी आल्यावर ईरा थांबली. म्हणाली, “आई, डिसेंबरात मला पुण्याला नाही यायचं.”

हे तिने पटकन सांगितलं, एका दमात. तिकिटं काढून झाली होती. आईला मी फोनवर सांगून टाकलं होतं, मावशीने ईराला बघायला म्हणून दोन-चार मंडळींना जेवायला बोलावलं होतं. मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्या चेहऱ्याकडे इतकं निरखून बघत होती, की असं मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

“बरं,” मी म्हणाले.

ती आत गेली. माझं ते ‘बरं’ वेळेवर आलं, की अर्धा सेकंद उशिरा, हे मला सांगता येणार नाही. ज्यांना कळलं असतं, ते आता नाहीत.